ड्रॅग नव्हे, दोराच घसरत होता

टेक्सासच्या लेक फोर्क तलावावर गळाला मोठा बास मासा लागला की मी रीळ फिरवतोय, पण दोरा आत येतच नाही! ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरा किती सुटावा ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, आवळून दमलो. दोन सुरेख मासे हातचे गेले. घरी स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळायची रिळाची चकती, मुठीत धरून दोरा ओढला, तर अख्खी गुंडाळी बांगडीसारखी गोल फिरली. ब्रेडेड, म्हणजे वेणीसारखा विणलेला, दोरा गुळगुळीत, ताणला जात नाही. धातूच्या स्पूलवर त्याला पकडच नव्हती.

सगळा उतरवला. आधी मोनोफिलामेंटचे, म्हणजे आपल्या तंगूसाचे, दहा-बारा वेढे घट्ट घेतले, दुहेरी युनी गाठीने ब्रेड जोडला आणि ओल्या फडक्यातून ताण देत भरला. काठाशी 3 मिलिमीटर जागा सोडली. फडक्याशिवाय धरू नका, दोरा बोट कापतो.

पुढच्या शनिवारी प्लास्टिकच्या किड्याच्या आमिषावर बास आला, थेट जाळ्यात.