ओपनएसएसएल स्टॅटिक लिंक केलं आणि सर्टिफिकेट सापडेना

उबुंटू 22.04 वर आमचा जुना प्रोग्रॅम चालूच होईना. एरर एकच, 'लिबएसएसएल 1.1' (ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या जुन्या 1.1 मालिकेची फाइल) सापडत नाही. साहजिक आहे, तिथे ओपनएसएसएल 3 येतं. जुनी फाइल कुठून तरी आणून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. कृपया तसं करू नका, 1.1.1 चा मोफत सपोर्ट सप्टेंबर 2023 मध्येच संपला.

मी ओपनएसएसएल 3 'नो-शेअर्ड' पर्यायाने बिल्ड करून स्टॅटिक लिंक केलं, म्हणजे लायब्ररीचा कोड थेट प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच (बायनरीत) घातला. प्रोग्रॅम उठला, पण प्रत्येक एचटीटीपीएस कनेक्शनला सर्टिफिकेटची एरर. एसट्रेस (प्रोग्रॅम कुठल्या फाइल्स उघडतो वगैरे दाखवणारं टूल) लावल्यावर उलगडा झाला: लायब्ररी सर्व्हरची ओळख तपासायला लागणारी सर्टिफिकेटं /यूएसआर/लोकल/एसएसएल मध्ये शोधत होती, आणि तो फोल्डर रिकामा. हा पाथ बिल्डच्या वेळीच बायनरीत पक्का होतो. कॉन्फिगर करताना 'ओपनएसएसएलडीर' या पर्यायाला /ईटीसी/एसएसएल दिलं, पुन्हा बिल्ड केलं, काम झालं. (घाई असेल तर 'एसएसएल_सर्ट_फाइल' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केला तरी भागतं.)

तरीही आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर मी डायनॅमिकच (लायब्ररी वेगळी, सगळ्या प्रोग्रॅमना मिळून एकच) ठेवलंय. ओपनएसएसएलमध्ये 2014 च्या हार्टब्लीडसारखी सुरक्षेची चूक निघाली, तर एक पॅकेज अपडेट करून सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या की झालं. स्टॅटिकमध्ये एकूण एक बायनरी नव्याने बिल्ड करून पाठवावी लागते, म्हणून कुठल्या बायनरीत कुठली आवृत्ती आहे याची नोंद मी रिलीजसोबतच ठेवतो.