स्वीडनच्या हॉकीचा हंगाम कोल्हापुरातून: घड्याळ, वही आणि तीन रेघा

शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस क्लब असा फुटबॉल बघून तयार झालेल्या माणसाला बर्फावरची हॉकी समजायला दोन सामने पुरतात. घोळ होतो तो वेळेचा आणि गुणांच्या बेरजेचा. तेवढं आधी पक्कं करून घ्या.

'एसएचएल' ही स्वीडनची सर्वोच्च लीग. 2013 पर्यंत तिचं नाव 'एलितसेरियन' होतं, त्यामुळे जुन्या आकडेवारीत ते नाव दिसलं तर वेगळी स्पर्धा समजू नका. संघ 14, प्रत्येकाची प्रत्येकाशी चार वेळा गाठ, म्हणजे एकेका संघाचे 52 साखळी सामने. सप्टेंबरात सुरुवात, मार्चमध्ये साखळीचा शेवट, मग प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्या.

आता घड्याळ. स्वीडन उन्हाळी वेळेत आपल्या साडेतीन तास मागे असतं; ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. तिथला संध्याकाळी सातचा सामना सप्टेंबरात आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो, डिसेंबरात साडेअकराला. खेळ 20 मिनिटांच्या तीन भागांचा, पण शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं आणि मध्ये दोन मध्यंतरं. अडीच तास धरून चला. शनिवारचा तिथला दुपारी सव्वातीनचा सामना मात्र हिवाळ्यात आपल्याला पावणेआठला मिळतो. स्टेडियमवरून गंगावेशीत दूध पिऊन निवांत घरी पोचाल.

मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये सामना नोंदवताना टाइम झोन स्टॉकहोमचा निवडा. हाताने तास मिळवत बसलात की वर्षातून दोनदा चुकाल. ऑक्टोबरातली चूक परवडते, तासभर लवकर येऊन बसाल एवढंच. मार्चअखेरची महागात पडते: प्लेऑफ ऐन रंगात, आणि तुम्ही बसेपर्यंत पहिला भाग संपलेला.

गुणांची पद्धत 3-2-1-0. साठ मिनिटांत जिंकलं तर 3. बरोबरी झाली तर दोघांना एकेक गुण तिथंच मिळतो. मग गोलरक्षक सोडून तीनास तीन खेळाडूंची पाच मिनिटं, त्यातही निकाल नाही लागला तर पेनल्टी शॉट. जिंकणाऱ्याला एक गुण जादा. म्हणून नुसता 'विजय' हा रकाना बघू नका. दहा सामन्यांत साठ मिनिटांतले सहा विजय आणि चार सरळ पराभव, म्हणजे 18 गुण. दुसऱ्या संघाचे विजय पाचच, पण सगळे साठ मिनिटांतले, आणि पाच पराभवांपैकी चार जादा वेळेतले: 15 अधिक 4, म्हणजे 19. कमी जिंकून वर.

वहीत प्रत्येक संघाला एक पान द्या. रकाने असे: तारीख, प्रतिस्पर्धी, घर की बाहेर, निकाल, मिळालेले गुण, एकूण गुण, गुण भागिले सामने. शेवटचा रकाना टाळू नका. हंगामाच्या मधोमध कुणाचे 26 सामने झालेले असतात, कुणाचे 28, आणि नुसत्या एकूण गुणांवर चौथा-पाचवा ठरवलात की फसगत होते. आणखी एक खूण ठेवा. एका गोलने मागे असलेला संघ शेवटच्या दोन-तीन मिनिटांत गोलरक्षक बाहेर काढून नेहमीच्या पाचांत सहावा खेळाडू उतरवतो, आणि बऱ्याचदा मोकळ्या जाळ्यात गोल खातो. 3-2 चा 4-2 होतो. अशा गोलापुढे 'मो' लिहा. नाहीतर महिनाभराने पान उघडल्यावर तो सामना सोपा गेला असंच वाटेल.

मग गुणतक्त्यावर तीन रेघा मारा: सहाव्याखाली, दहाव्याखाली, बाराव्याखाली. पहिले सहा थेट उपांत्यपूर्व फेरीत. सातवा ते दहावा आधी तीन सामन्यांची छोटी मालिका खेळून तिथं शिरतात. अकरावा-बारावा सुटले; त्यांचा हंगाम तिथंच संपला. तेरावा आणि चौदावा एकमेकांशी सात सामन्यांपर्यंतची मालिका खेळतात आणि हरणारा खालच्या 'हॉकीऑलस्वेन्स्कान'मध्ये जातो. फेब्रुवारीनंतर पहिल्या क्रमांकापेक्षा या रेघांपाशी जास्त जीव गुंतलेला असतो, म्हणून सामना निवडताना सहावा विरुद्ध सातवा किंवा बारावा विरुद्ध तेरावा बघा. रेघेची किंमत कळायला ब्रिनेस संघाचं उदाहरण पुरे: 2023 मध्ये खाली घसरले, 2024 मध्ये वर आले, 2025 मध्ये थेट अंतिम मालिकेत. तिथं त्यांना लुलेओने हरवलं. लुलेओचं त्याआधीचं विजेतेपद 1996 चं.

उपांत्यपूर्व फेरीपासून प्रत्येक मालिका चार विजयांची. इथं पेनल्टी शॉट नाहीत. बरोबरी झाली की पाचास पाच, वीस-वीस मिनिटांचे भाग, पहिला गोल होईपर्यंत. साडेअकराचा सामना पहाटे तीनच्याही पुढं जाऊ शकतो, तेव्हा आदल्या दिवशी दुपारी झोप काढा आणि मोबाइल चार्जरला लावूनच बसा.