म्हाताऱ्या सराईत चोराची शिक्षा मोजताना या चुका टाळा

परवा एक बाई प्लास्टिकच्या पिशवीतून नवऱ्याची चार निकालपत्रं घेऊन आल्या. सगळी चोरीची, आत असतानाच एकामागून एक लागलेली, प्रत्येकी २ वर्षं. नवरा ६७ वर्षांचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "म्हणजे दोनच वर्षं ना, वकीलसाहेब?" मी प्रत्येकाचं शेवटचं पान काढलं. शिक्षा एकत्र भोगायच्या, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे ८ वर्षं.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. कैद भोगत असलेल्याला दुसऱ्या खटल्यात शिक्षा लागली, तर ती पहिली संपल्यावर सुरू होते. न्यायाधीशांनी तसा आदेश दिला तरच दोन्ही सोबत चालतात. (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४६७.) हा त्यांचा अधिकार आहे, आपला हक्क नाही, म्हणून मागावं लागतं. शिक्षेवर म्हणणं मांडतानाच आधीचे निकाल, वयाचा पुरावा, दवाखान्याचे कागद पुढे ठेवा. तेव्हा राहून गेलं असेल तर उच्च न्यायालयात जा. उत्तर प्रदेशात वीजसाहित्याच्या चोरीच्या ९ खटल्यांत २-२ वर्षं लागलेल्या एका माणसाची बेरीज १८ वर्षांवर गेली होती. उच्च न्यायालयानेही नाही म्हटलं, तरी डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा एकत्र केल्या.

दुसरी चूक म्हणजे 'सराईत' हा शब्द ऐकून गप्प बसणं. दाखल गुन्हे वेगळे, लागलेली शिक्षा वेगळी. आधीच्या शिक्षेच्या आधारे वाढीव शिक्षा हवी असेल, तर ती आधीची शिक्षा दोषारोपात नमूद करून सिद्ध करावी लागते. नुसती पोलिसांची यादी पुरत नाही. ज्याचं पाकीट गेलं त्याचा राग मला समजतो. पण ज्याला भिंत धरून संडासला जावं लागतं, त्याला पंचाहत्तरीपर्यंत आत ठेवून त्या पाकीटवाल्याला काय मिळतं? मला हे न्याय्य वाटत नाही आणि मी ते कोर्टातही सांगतो.

बाकी थोडक्यात. कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा झालेत का, ते तारखांसकट तपासा. दंड न भरल्याची कैद वेगळीच भोगावी लागते, तेव्हा जमेल तसा दंड आधी भरा. आणि जन्मठेप म्हणजे १४ वर्षं, हे डोक्यातून काढा.

त्या बाईंचा अर्ज तयार आहे. डोळ्यांच्या तपासणीची झेरॉक्स तेवढी यायची राहिली आहे.