यीस्टकडून झाडाचं रसायन: पहिल्या प्रोजेक्टला बसण्याआधी

मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मुळात एका झुडपातून मिळतं. त्याच्या आधीच्या टप्प्यावरचं आर्टेमिसिनिक आम्ल, झाडाची जनुकं घातलेल्या यीस्टने २००६ साली लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास दिलं आणि २०१३ मध्ये २५ ग्रॅम. हे आकडे वाचून नवखी मंडळी पहिल्याच प्रोजेक्टला असाच एखादा रेणू निवडतात. निवडू नका. आधी बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजराला नारिंगी करणारं रंगद्रव्य, करा. सीआरटी-ई, सीआरटी-वायबी, सीआरटी-आय एवढी तीन जनुकं पुरतात, आणि जमलं की नाही हे वसाहतीच्या नारिंगी रंगावरूनच कळतं. जैवसुरक्षा समितीकडे अर्ज मात्र जनुकं ऑर्डर करण्याआधीच टाका.

ट्रान्सफॉर्मेशनला, म्हणजे यीस्टच्या पेशीत बाहेरचा डीएनए घालायला, भर वाढीतल्या पेशी घ्या. एका नळीत ५० टक्के पीईजी ३३५० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) चे २४० मायक्रोलिटर, १ मोलर लिथियम ॲसिटेट ३६, कॅरिअर डीएनए (तुमच्या डीएनएला आत जायला मदत करणारा, एकेरी धाग्यांचा भरीचा डीएनए) ५०, तुमचा डीएनए आणि पाणी मिळून ३४. मग ४२ अंशांवर ४० मिनिटं. वसाहती आल्याच नाहीत तर पहिला संशय पीईजीवर घ्या: झाकण सैल राहिलं की पाणी उडतं आणि प्रमाण बिघडतं. कॅरिअर डीएनए ५ मिनिटं उकळून लगेच बर्फात ठेवायचा. सावकाश गार झाला तर सुटलेले धागे पुन्हा जुळतात.

नारिंगी वसाहतींत पांढऱ्या दिसू लागल्या तर प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारे डीएनएचे तुकडे, तपासा. एकच प्रमोटर तीनदा वापरला, की यीस्ट त्या सारख्या तुकड्यांत पुनर्संयोजन (डीएनएची तोडजोड) करून मधलं जनुक गाळून टाकू शकतं. पांढऱ्या पेशींवर उत्पादनाचा बोजा नसल्यामुळे त्या भराभर वाढतात आणि फ्लास्क व्यापतात. तीन वेगळे प्रमोटर घ्या आणि जनुकं प्लास्मिडवर (डीएनएच्या सुट्या वर्तुळावर) न ठेवता यीस्टच्या स्वतःच्या जीनोममध्ये बसवा.

पुढे लिमोनीनकडे, म्हणजे संत्र्या-लिंबाच्या सालीतल्या वासाच्या रेणूकडे, वळलात तर तो बनवणाऱ्या झाडाच्या एन्झाइमचं टोक कापावं लागतं. सुरुवातीचा तुकडा हरितलवकाचा पत्ता असतो, म्हणजे झाडाच्या पेशीत एन्झाइमला तिथे पोचवतो. यीस्टमध्ये तो छाटला जात नाही आणि एन्झाइमची घडी बिघडते. एन्झाइमच्या साखळीत शेजारीशेजारी दोन आर्जिनिन (एक अमिनो आम्ल) दिसतात, त्यांच्या आधी कापा. लिमोनीन उडून जातं आणि यीस्टला विषारीही आहे, म्हणून माध्यमावर १० टक्के डोडेकेनचा (लिमोनीन शोषून घेणाऱ्या तेलकट द्रवाचा) थर द्या. त्या थराचा नमुना काचेच्या बाटलीतच घ्या, सेंट्रिफ्यूज करा, कोरड्या सोडियम सल्फेटवरून काढा आणि मगच जीसी-एमएसला (रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राला) लावा. जनुक न घातलेल्या यीस्टवरचं डोडेकेनही त्याच बॅचमध्ये लावा, नाहीतर डोडेकेनमधल्या अशुद्धीचं आलेखावरचं शिखर आपल्याच लिमोनीनचं समजून बसाल.