फिजिओथेरपीत पीजी करताय? या चुका टाळा

इंटर्नशिप संपत आली की ठरलेला प्रश्न येतो, "सर, स्कोप कशात जास्त आहे?" विचारणाऱ्याला ऑर्थो, न्यूरो, कार्डिओ, स्पोर्ट्स, पेडियाट्रिक्स यांपैकी एक नाव लगेच हवं असतं. उलट मी विचारतो की यातला कोणता पेशंट रोज बघायला तुला कंटाळा येणार नाही? बहुतेकांनी हा विचार केलेलाच नसतो.

ब्रांच झगमगाट बघून निवडणं

स्पोर्ट्स घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर संघाचा टी-शर्ट आणि मैदानाची कड असते. प्रत्यक्षात एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर खेळाडू मैदानात परतायला साधारण नऊ महिने लागतात. या काळात तुम्ही त्याच्या क्वाड्रिसेप्सची (मांडीच्या पुढच्या स्नायूंची) ताकद मोजत आणि त्याला "अजून नाही, अजून नाही" सांगत बसता. न्यूरोत स्ट्रोकच्या पेशंटची बोटं उघडण्याची महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. ब्रांचमधल्या सगळ्यात रटाळ दुपारीही जो टिकतो, त्याने ती ब्रांच घ्यावी. म्हणून फॉर्म भरण्याआधी प्रत्येक ओपीडीत आठवडाभर नुसतं बसा, तेही उत्साहाच्या सकाळी नको, जेवणानंतर बसा. ज्यांना एवढाही धीर नाही, त्यांना ब्रांच सुचवण्याच्या फंदात मी पडत नाही.

काय मोजतोय हे न तपासता प्रबंध सुरू करणं

ही माझी खास चिडीची जागा. एका मुलीचा व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, चालू होता आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. विषय नेहमीचाच: हॅमस्ट्रिंगसाठी (मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी) पीएनएफ, म्हणजे स्नायू आधी आवळून मग ताणणं, बरं की नुसतं ताणून धरायचं साधं स्टॅटिक स्ट्रेचिंग? स्लाइड देखण्या होत्या. पीएनएफ गटात गोनिओमीटरवर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) चार अंश जास्त सुधारणा, पी व्हॅल्यू ०.०३, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नसावा असं सुचवणारा आकडा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "गोनिओमीटर कोणी लावला?"

"मी, सर."

"पाय कोणी धरला?"

"मीच."

"कोण कोणत्या गटात आहे, हे ठाऊक होतं?"

यावर ती गप्प झाली. परीक्षकांनी गोनिओमीटर तिच्या हातात दिला, शेजारच्या मुलाला टेबलावर झोपवलं आणि त्याचा गुडघा पुन्हा पुन्हा मोजायला लावला. तोच पाय, तोच हात, पण आकडे सहा अंशांपर्यंत इकडेतिकडे! मांडी ९० अंशांवर नीट स्थिर नव्हती, ओटीपोटाचं हाड प्रत्येक वेळी थोडं कलत होतं आणि ग्रेटर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा वरचा, बाहेरचा उंचवटा) ती दर खेपेला नव्याने चाचपडत होती. चार अंशांचा तिचा शोध तिच्याच हाताच्या चुकीत बुडून गेला. मुलगी मेहनती होती, पण पहिला पेशंट घेण्याआधी तिला हे तपासायला कोणी सांगितलंच नव्हतं. नंतर सांगून काय उपयोग?

उपाय काही अवघड नाही. कामाला हात घालण्याआधी दहा निरोगी माणसं घ्या आणि दोन वेगळ्या दिवशी त्यांचं तेच माप घ्या. ट्रोकँटर, फीमरचा लॅटरल एपिकाँडाइल (गुडघ्याजवळचा बाहेरचा उंचवटा) आणि लॅटरल मॅलिओलस (घोट्याचं बाहेरचं हाड) या तीनही जागांवर पेनाने खूण करा. आकड्यांतून आयसीसी (मापं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा) काढा आणि त्यावरून मापनाची प्रमाण चूक. तिला २.७७ ने गुणलं की खरा बदल मानता येईल असा किमान फरक मिळतो. चूक दोन अंश असेल तर हा आकडा साडेपाच अंशांच्या आसपास जातो, म्हणजे त्याहून कमी सुधारणा दिसली तर पेशंट सुधारला असं छातीठोक म्हणता येत नाही. मोजायला मात्र वर्गमित्राला बसवा आणि गट कोणता हे त्याला कळू देऊ नका. तू माझे पेशंट मोज, मी तुझे मोजतो, असा सौदा आमच्या पोरांमध्ये मी सुरुवातीलाच लावून देतो. उपचार करणाऱ्यापासून गट लपवणं फिजिओथेरपीत जवळजवळ अशक्य आहे, पण मोजणाऱ्यापासून लपवायला काय हरकत आहे?

"तीस पेशंट चालतात ना, सर?"

कशासाठी चालतात, हे कोणी सांगत नाही. दोन गटांत पंधरा-पंधरा घेतले, तर साधारण एका प्रमाण विचलनाएवढा (पेशंटचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) मोठा फरकच पकडता येण्याची चांगली शक्यता असते. अर्ध्या विचलनाचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ लागतात. त्यात गुडघेदुखीचे पेशंट दुखणं कमी झालं की यायचे थांबतात, ती गळती आधीच धरा. संख्याशास्त्रवाल्याकडे आकडे गोळा झाल्यावर जाणाऱ्यांना मी थेट परत पाठवतो.

डिग्री म्हणजेच लायसन्स समजणं

परदेशी जाणाऱ्यांची ही सगळ्यात महागडी चूक. मास्टर्स ही शैक्षणिक पदवी आहे, पेशंटला हात लावण्याचा परवाना वेगळा. ब्रिटनमध्ये एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते. अमेरिकेत पदवीची छाननी होते, एनपीटीई ही फिजिओथेरपीची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि लायसन्स प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देतं. ब्रिटनमधला प्री-रजिस्ट्रेशन एमएससी हा कोर्स तर दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांना फिजिओथेरपिस्ट बनवण्यासाठी असतो. आधीच फिजिओ असलेली मुलं तिथे अर्ज करतात आणि शिकलेलंच पुन्हा शिकायला पैसे भरतात. एजंटवर विसंबू नका, परवाना देणाऱ्या संस्थेची पानं स्वतः वाचा. ती रटाळ असतात, तरी वाचा.

बाकी थोडक्यात:

एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही पेशंट अभ्यासात घेऊ नका. "परवानगी मागाहून येईल" असं काही नसतं.

वीकेंड कोर्सची सर्टिफिकेटं भिंतीवर टांगून क्लिनिकल रिझनिंग येत नाही. ड्राय नीडलिंगची सुई टोचण्याआधी ती का टोचायची, हे सांगता आलं पाहिजे.

सीनियरचा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) उचलून त्यात नुसता सांधा बदलू नका. गाईडला तो पाठ असतो.

वाचायची सवय पहिल्या महिन्यात लावा. पेड्रो हा फिजिओथेरपीच्या संशोधनाचा डेटाबेस १९९९ पासून फुकट उपलब्ध आहे. आठवड्याला एका ट्रायलचा (उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासाचा) पेपर घ्या आणि त्याच्या दर्जाला पेड्रो स्केलने स्वतः गुण द्या. प्रश्न अकरा आहेत, पहिला धरत नाहीत, म्हणून गुण दहापैकी. मग तिथे दिलेल्या गुणांशी ताडून बघा. सुरुवातीला तुमचे गुण हमखास जास्त येतील, कारण पेपरात न लिहिलेल्या गोष्टीही तुम्ही उदारपणे मान्य केलेल्या असतात.

आणि संदर्भांची यादी शेवटच्या रात्री हाताने टाइप करू नका. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्याच दिवशी टाकून घ्या.