‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहिताना या चुका टाळा

वकिलाच्या पत्राच्या डोक्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ (म्हणजे ‘हक्कांना बाधा न येता’) हे दोन शब्द ठळक दिसतात, म्हणून पुष्कळ जण ते प्रत्येक पत्रावर छापतात. मोठी चूक तीच. हे शब्द तडजोडीच्या बोलणीसाठी आहेत: वाद मिटावा म्हणून मी जे मान्य करतो किंवा जी रक्कम देऊ करतो, ती बोलणी फिसकटल्यास माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायची नाही. दिवाणी दाव्यांत याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २१ चा आधार आहे; १८७२ च्या कायद्यात हेच कलम २३ होते. फौजदारी प्रकरणांना ते लागू नाही.

थकबाकीची मागणी किंवा धनादेश न वटल्यावरची, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची नोटीस उद्या तुम्हालाच कोर्टात दाखवायची असते. तिच्यावर हे शब्द घातले, तर समोरच्या वकिलाला हरकतीचे आयते निमित्त मिळते. नोटीस खुली पाठवा, तडजोडीचा प्रस्ताव वेगळ्या पत्रात ठेवा. दोन्ही एकाच कागदावर नकोत.

नुसत्या शीर्षकावरही विसंबू नका. न्यायालय मजकूर बघते. ‘पाच लाखांपैकी तीन लाख देणे आहेच, उरलेल्याचे बोलू’ असे लिहिले, तर त्या तीन लाखांबद्दल वादच उरत नाही आणि संरक्षण डळमळते. त्याऐवजी लिहा: ‘देणे मान्य नाही. मात्र वाद मिटावा म्हणून तीन लाख रुपये एकरकमी, पंधरा दिवसांत देण्याची तयारी आहे. हा प्रस्ताव पुराव्यात वापरू नये.’ ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही हे सुरुवातीलाच स्पष्ट करा.

समोरच्याने प्रस्ताव स्वीकारला की मात्र करार होतो, आणि तो झाल्याचे दाखवायला हीच पत्रे पुढे येऊ शकतात. अंतिम तडजोड स्वतंत्र, खुल्या करारात सह्यांसह लिहून घ्या.

याच शब्दांचा दुसरा उपयोग हक्क राखून ठेवण्याचा. कमी रकमेचा धनादेश घेताना ‘उर्वरित रकमेच्या हक्कास बाधा न येता, अंशतः स्वीकारला’ असे पावतीवर त्याच वेळी लिहा. ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून सही केल्यावर पुढे भांडणे फार कठीण जाते.

बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. उसन्या पैशांच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षे मिळतात. ती संपत आली असतील तर बोलणी चालू ठेवूनच दावा दाखल करा.