उघड्या डबीतले पेलेट घेताना

एअर पिस्तूलच्या पेलेटची, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांची, अर्धी संपलेली डबी कोणी निम्म्या भावात देत असेल तर घ्यावी का? घ्यावी. फक्त बघून घ्यावी, आणि झाकण उघडून ‘हां, बरे दिसतात’ म्हणण्याला बघणं म्हणत नाहीत. माझं आयुष्य कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, फौंड्रीच्या क्वालिटी खात्यात गेलं. लोकांनी घाम गाळून ओतलेलं कास्टिंग नापास करायचा मला पगार मिळायचा. आता नात दहा मीटर पिस्तूल खेळते आणि तिच्या पेलेटची खरेदी माझ्याकडे आहे. सवय जात नाही, काय करणार.

कोल्हापुरात असा माल फिरत असतो, त्यालाही कारण आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडचं सोनं आणलं, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्य मिळवलं. दर वेळी पोरं हौसेनं रेंजवर येतात. त्यातली बरीचशी दहावी-बारावीला गळतात आणि डब्या कपाटात राहतात. काही जण पिस्तूल सोडून रायफलकडे वळतात, काहींना नवा लॉट, म्हणजे कारखान्यातून एका खेपेत निघालेला माल, जास्त मानवतो. हा माल वाईट नसतो, नुसता पडून असतो.

आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा, म्हणजे कुठे कंजुषी चालते ते कळेल. दहा मीटर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं आणि पेलेट ४.५ चा. रेषेला कड लागली तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा. रायफलचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तिथे हीच मुभा अडीच मिलिमीटरवर येते. त्यामुळे रायफलवाल्यानं उघड्या डबीच्या नादाला लागू नये, असं माझं स्पष्ट मत. पिस्तूलच्या सरावाला मात्र ती खुशाल चालते. नवशिक्याचा हात जेवढा हलतो, त्यापुढे पेलेटमधला फरक किरकोळ असतो.

आता डबी हातात घ्या. पहिल्यांदा लेबल वाचा, पेलेट नंतर. वजन, हेडचं म्हणजे पेलेटच्या पुढच्या टोकाचं माप आणि लॉट नंबर या तीन गोष्टी हव्यात. पिस्तूलचे पेलेट साधारण ०.४५ ग्रॅमचे, रायफलचे ०.५३ च्या आसपास. हेडचं माप ४.४९, ४.५० असं छापलेलं असतं. एका पिस्तुलाला ४.४९ मानवतं, शेजारच्याला ४.५०, त्यात वाद घालून उपयोग नाही. लॉट नंबर खरवडलेला किंवा स्टिकरच निघालेलं असेल तर त्या डबीकडे फक्त सरावाचा माल म्हणून बघा. हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या कुठल्या खेपेचं ते सांगणारा आकडा, नसलेलं कास्टिंग आम्ही गेटाच्या आत घेत नव्हतो.

मग चमच्याभर पेलेट पांढऱ्या ताटलीत ओता, ताटली खिडकीशी न्या आणि उजेड आडवा पडू द्या. समोरून पडणाऱ्या उजेडात खोच दिसत नाही. सोनाराची दहा पट भिंग असेल तर उत्तम. बघायचा तो स्कर्ट, म्हणजे मागची पातळ पोकळ कड. हवा तिथे ढकलते. कड एका जागी दबलेली असली की हवा तिथून निसटते आणि पेलेट सरळ जात नाही. वीसातले दोन-तीन असे निघाले तर चालवून घ्या, वेचून टाकता येतात. पाच-सहा निघाले तर डबी कोणीतरी गाडीच्या डिकीत खडखडवत फिरवलेली आहे.

यापुढची परीक्षा मला सगळ्यात आवडते, आणि तिला पैसा लागत नाही. काचेचा एक सपाट तुकडा घ्या, एका बाजूला पातळ वही सरकवून किंचित उतार करा. पेलेट आडवा ठेवून सोडा. हेड आणि स्कर्ट यांचे व्यास सारखे नसल्यामुळे तो सरळ न घरंगळता वळण घेऊन जातो. एकाच लॉटचे पेलेट जवळजवळ एकाच वळणानं जाऊन एकाच जागी पोचतात. परवा एक पोरगा डबी घेऊन आला.

“काका, सीलबंद घेतलेली, मी एकट्यानंच वापरलीय.”

काचेवर पंधरा सोडले. नऊ एका कोपऱ्याला गेले, सहा चार बोटं अलीकडे.

“बाळा, यात दुसऱ्या डबीतले ओतलेत.”

तो हसला. “आईनं आवराआवर करताना दोन डब्यांची एक केली असणार.”

घरोघरी हेच होतं. मी ती डबी घेतली, पण भाव पाडून.

वजन करायचं असेल तर सोनाराचा साधा ०.०१ ग्रॅमचा काटा कामाचा नाही, ०.४५ आणि ०.४६ च्या मधलं त्याला काही दिसतच नाही. मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ओळखीचं दुकान असेल तर दुपारच्या निवांत वेळी वीस पेलेट तोलून मिळतात. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांत १० मिलिग्रॅमपर्यंत फरक असेल तर मी समाधानी असतो. उद्यमनगरातून रीमरनं नेमक्या मापाचं भोक केलेली गेज प्लेट करून घेऊन हेडचं माप तपासायचा मोह काहींना होतो. सोडा तो नाद. शिसं मऊ असतं, जरा दाबलं की नापास पेलेटही भोकातून पास होतो.

साधा काटा मोजणीला मात्र छान. भरलेल्या डबीत बहुतेक ५०० पेलेट असतात, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. डबी रिकामी करून नुसते पेलेट तोला आणि ०.४५ नं भागा. १३५ ग्रॅम भरले तर ३०० पेलेट. ‘अर्ध्याहून जास्त आहेत हो’ या बोलीवर पैसे देऊ नका. एका मॅचला ६० शॉट लागतात, वर सायटिंगचे, म्हणजे आधी नेम जुळवायचे, वेगळे. तीनशे पेलेट किती दिवस पुरतील ते तुमचं तुम्हाला कळेल. भावाचं म्हणाल तर आजच्या नव्या डबीच्या दरानं एका पेलेटची किंमत काढा आणि तिच्या निम्म्यावर जाऊ नका.

पंचगंगेकाठच्या पेठांतून येणारी जुनी डबी जरा जास्त निरखून बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कित्येक घरांत पाणी होतं, आणि पुसून ठेवलेली वस्तू वरून कोरडीच दिसते. झाकणाच्या आतल्या कडेला गंजाची रेघ आणि स्कर्टच्या पोकळीत मातीचा कण दिसला की डबी परत द्या. तो कण बॅरलमध्ये घासत जातो. पेलेटवर पांढरी भुकटी असेल तर शिसं उतरलेलं आहे. ती फुंकू नका, धुऊन काढायच्या भानगडीत पडू नका. फुकट दिली तरी ती डबी नको.

फुकटातही न घ्यायच्या आणखी काही गोष्टी आहेत. स्टीलचे गोल छर्रे, म्हणजे बीबी, बॅरलच्या आतले पीळदार खाचे (रायफलिंग) खराब करतात आणि उसळून अंगावर येतात. टोकदार पेलेट कागदाला स्वच्छ गोल भोक पाडत नाहीत, मग गुण मोजताना तंटा. टार्गेटमागच्या ट्रॅपमधलं शिसं चपटं झालेलं असतं, ते भंगारात वजनावर जाऊ द्या. ते घरी वितळवून साच्यात ओतू म्हणणारेही भेटतात. शिशाची वाफ पोटात जाते, आणि ओतलेल्या पेलेटला ०.०१ मिलिमीटरचं माप सांभाळायला तुमच्याकडे डाय कुठे आहे?

परदेशी व्हिडिओ बघून आलेली पोरं विचारतात की तिकडे जुन्या काडतुसांतून काढलेल्या बुलेट स्वस्तात घेऊन लोक घरी काडतुसं भरतात, आपण का नाही? आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ आहे म्हणून. त्यात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच धरली आहेत, आणि विनापरवाना काडतूस भरणं सरळ गुन्हा आहे. विषय तिथेच संपला.

विकत घेण्याआधी शक्य असेल तर रेंजवर मारून बघा. दुधाळीच्या रेंजवर असो वा दुसरीकडे, विकणाऱ्यालाच सोबत बोलवावं, म्हणजे पुढे तोंडं वाकडी होत नाहीत. पिस्तूल टेकवून मारा. हातावर मारलं तर पेलेटची नाही, तुमची परीक्षा होते. आधीचा पेलेट वेगळ्या कंपनीचा असेल तर पहिले दहाएक शॉट बॅरल बसण्यासाठी सोडून द्या. मग दर वेळी नवा कागद लावून पाच-पाच शॉटचे तीन ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके. व्हर्नियरनं बाहेरच्या कडा मोजा, ४.५ वजा करा. उरलेला आकडा तिन्ही ग्रुपमध्ये ४ मिलिमीटरच्या आत असेल तर तो लॉट मॅचसाठी बाजूला ठेवा, ८ पर्यंत सरावाला. एखादाच शॉट लांब जाऊन बाकीचे चार एका भोकात असतील तर डबी मिसळलेली असण्याचा संशय घ्या आणि काच पुन्हा काढा.

घरी आणल्यावर डबीवर मार्करनं लॉट, हेडचं माप आणि ग्रुपचा आकडा लिहा. दोन डब्या एकत्र करू नका, आणि ज्या घरात आवराआवर होते तिथे हे सगळ्यांना सांगून ठेवा. पावसाळ्यात झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळा. पेलेट ओठांत धरून लोड करायची खोड काही पोरांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भडंगात हात घालायचा नाही, आमच्याकडे हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे. आणि रिकाम्या डब्या दिसायला देखण्या असल्या तरी त्यात स्क्रू ठेवा, वॉशर ठेवा. मोहरी-जिरं ठेवायला स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.